क्षमेवर रुसलेला संदेष्टा

हाक ऐकताच निमूट निघालेला संदेष्टा हिब्रू ग्रंथांत शोधावा लागतो. मोशे जळत्या झुडुपासमोर उभा राहून आपली जीभ जड असल्याची सबब सांगतो. यिर्मया आपल्या कोवळ्या वयाकडे बोट दाखवतो. यशयाला सिंहासनावरचे ते तेज पाहताच आपल्या ओठांची अशुद्धता आठवते. या आढेवेढ्यांत एक सलगी आहे, कारण ज्याच्याशी हुज्जत घालता येते त्याच्यावर आपला विश्वास आधीच बसलेला असतो, आणि देवही त्या सबबींना एकेक करून उत्तर देत बसतो. अमित्तयाचा पुत्र योना मात्र एक अक्षरही बोलत नाही. निनवेला जा अशी आज्ञा होते, निनवे पूर्वेला, आणि हा उठून पश्चिमेला, याफोच्या बंदरात जातो, भाडे मोजतो आणि तार्शिशला निघालेल्या गलबतात बसतो. ज्ञात जगाच्या त्या टोकाला देवाची हाक पोहोचणार नाही असे त्याला खरेच वाटले असेल का? मला तसे वाटत नाही. माणूस पळतो तेव्हा आपण सापडणार नाही अशी त्याची खात्री असतेच असे नाही. कधी कधी पळणे हेच त्याचे उत्तर असते, आणि योनाच्या त्या मौनात किती बोलणे दडपलेले आहे हे कळायला त्याच्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायापर्यंत थांबावे लागते.

ग्रंथ तरी केवढा! चार अध्याय, अठ्ठेचाळीस वचने. आपल्याकडे योना माहीत आहे तो माशामुळे, पण मासा येतो जेमतेम तीन वचनांत, योनाला गिळतो, तीन दिवस तीन रात्रींनी किनाऱ्यावर टाकतो आणि निघून जातो. कथेचा जीव दुसरीकडे आहे. दुसऱ्यांदा हाक येते तेव्हा योना निनवेला जातो, चाळीस दिवसांत या नगराचा नाश होईल एवढे एकच वाक्य बोलतो, आणि ज्या यशासाठी बाकीचे संदेष्टे जन्मभर कंठशोष करीत राहिले ते त्याला एका दिवसात मिळते. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, माणसे उपास धरतात, गुराढोरांवरही गोणपाट चढते, आणि देव योजलेले अरिष्ट आणीत नाही. योनाने आनंदाने नाचावे असा हा क्षण. पण तो संतापतो, आणि आता कुठे त्याच्या तोंडून पहिल्या दिवशीचे उत्तर बाहेर पडते. तू दयाळू आहेस, मंदक्रोध आहेस, क्षमा करून मोकळा होशील हे मला घरी असतानाच ठाऊक होते, आणि म्हणूनच मी पळालो, असे तो देवाला तोंडावर सांगतो. कारण तीन अध्याय राखून ठेवण्याची ही कथनकला मला पुनःपुन्हा थक्क करते. आपण त्याला भित्रा समजत आलेलो असतो, आणि तो तर देवाला त्याच्या भक्तांपेक्षा अधिक ओळखणारा निघतो. त्याची अवज्ञा अज्ञानातून आलेली नाही; ज्ञानातून आलेली आहे, आणि अशी अवज्ञा बरी करणे फार कठीण असते.

त्याच्या संतापाला इतिहासाचा आधारही आहे, तो नाकारून ही कथा वाचणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे. निनवे म्हणजे तैग्रिसच्या काठचे, आजच्या मोसुलसमोरचे, अश्शूरी साम्राज्याचे नगर. तिथल्या राजांनी आपले क्रौर्य लपवले नाही. सोललेली कातडी आणि मस्तकांचे ढीग त्यांनी आपल्याच शिलालेखांत अभिमानाने मोजले, आणि लाखीश हे यहूदी नगर कसे जिंकले, माणसे सुळावर कशी चढवली, हे राजवाड्याच्या भिंतींवर पाषाणात कोरून ठेवले. ते पाषाण आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बायबलातल्या राजांच्या इतिहासात योनाचा उल्लेख दुसऱ्या यराबामाच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात येतो. त्याच शतकात, इ. स. पू. ७२२च्या सुमारास, अश्शूरी फौजांनी शोमरोन पाडले आणि इस्राएलच्या उत्तरेकडील दहा वंशांना देशोधडीला लावले. योनाचा ग्रंथ लिहिला गेला तो बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यानंतर कित्येक पिढ्यांनी. म्हणजे ज्याने तो लिहिला आणि ज्यांनी तो पहिल्यांदा ऐकला, त्या सर्वांना ठाऊक होते की ज्या नगराला देवाने वाचवले त्याच नगराने पुढे योनाचा देश धुळीला मिळवला. हे ठाऊक असताना त्यांनी ही कथा रचली, जपली आणि पवित्र ग्रंथात ठेवली. आपल्या शत्रूला वाचवणाऱ्या देवाची कथा, शत्रूने काय केले हे भोगून झाल्यावर, आपल्याच धर्मग्रंथात घालणाऱ्या त्या अनाम माणसाचे धैर्य योनाच्या धैर्याहून मोठे होते असे मला वाटते.

हे मी वडगाव मावळात बसून लिहितो आहे, आणि या गावात राहून निनवेचा प्रश्न परका वाटणे शक्य नाही. १७७८च्या अखेरीस पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावांना पुण्याच्या गादीशी नेऊन बसवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीची फौज बोरघाट चढून मावळात उतरली, मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत जानेवारीत तळेगावला पोहोचली, आणि तिथे तिला राखेचे गाव मिळाले, कारण मराठ्यांनी चारा आणि धान्य आपल्या हातांनी जाळून टाकले होते. पुढे पुणे टप्प्यात असताना मागे फिरायचे ठरले. जड तोफा तळ्यात ढकलल्या, उरलेला दारूगोळा आणि सामान पेटवून दिले आणि फौज रात्रीच्या अंधारात परतीला निघाली. पण महादजी शिंद्यांच्या स्वारांनी तिला वडगावात कोंडले. वाट नव्हती, रसद नव्हती. चारी बाजूंना मराठी फौज होती आणि मध्ये एक थकलेले, हादरलेले सैन्य. त्या दिवशी ते कापून काढले असते तर कुणी विचारणार नव्हते. त्याऐवजी जानेवारी १७७९च्या मध्याला तह झाला: रघुनाथराव मराठ्यांच्या स्वाधीन व्हायचे, कंपनीने १७७३नंतर घेतलेला मुलूख, त्यात साष्टी, परत करायचा, बंगालहून येणारी कुमक थांबवायची, ओलीस म्हणून दोन इंग्रज ठेवायचे, आणि फौज सुखरूप मुंबईला जाऊ द्यायची. फौज गेली, आणि मुंबईला पोहोचताच मुंबईकर इंग्रजांनी आणि त्यांच्या मागोमाग कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने हा तह झिडकारला. सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असे कारण देण्यात आले. लढाई पुढे सालबाईच्या तहापर्यंत, १७८२पर्यंत चालली, आणि त्याच कंपनीने १८१८ साली पेशवाई संपवली.

वडगावात आज महादजींचे स्मारक आहे, विजयाचे म्हणून. विजय होताच. पण त्याच्यासमोरून जाताना माझ्या मनात विजयापेक्षा ते सोडून देणे अधिक रेंगाळते. महादजी संत नव्हते, मुत्सद्दी होते. त्यांच्या सौम्यतेमागे पुण्याच्या दरबारातली ओढाताण होती, तहातून मिळणारा भडोचचा लाभ होता, उद्या याच इंग्रजांशी बोलणी करावी लागतील हे भान होते. त्यांच्या निर्णयाला करुणेचे नाव देऊन मी त्यांना देव्हाऱ्यात बसवणार नाही. तरीही, कारणे कोणतीही असोत, हाती सापडलेला शत्रू जिवंत घाट उतरला, ही गोष्ट उरतेच, आणि तिच्या पाठोपाठ योनाचा प्रश्न उभा राहतो: ज्यांना सोडले ते पुढे काय करतील हे ठाऊक असते तर? योना नगराबाहेर बसून हेच विचारतो आहे. त्याला पुढचे दिसते, त्याला शोमरोन जळताना दिसते, आणि म्हणून आजची क्षमा त्याला उद्याच्या कत्तलीचे बीज वाटते. या युक्तिवादाला तर्काने उत्तर देणे मला कधीच जमलेले नाही. एवढेच दिसते की भविष्यात होणाऱ्या अपराधाची शिक्षा आज देता येते असे एकदा मानले, की पृथ्वीवर कुणालाच जिवंत सोडण्याचे कारण उरत नाही.

याच लढाईत एक इंग्रज कप्तान पडला. जेम्स स्ट्युअर्ट त्याचे नाव. मराठ्यांनी त्याचे केले इष्टुर फाकडा. फाकडा म्हणजे शूर, मर्द गडी, आणि ही पदवी मराठ्यांनी आपल्या मोजक्याच वीरांना दिली होती, त्यांच्या पंक्तीत हा परका जाऊन बसला. कार्ल्याजवळ तोफगोळ्याने तो गेला आणि त्याची समाधी वडगावात आहे. चालून आलेल्या फौजेतला तो अंमलदार, ज्याच्यामुळे मावळातली गावे जाळावी लागली त्या मोहिमेचा तो मोहरा. आणि तरी या गावाने त्याला मान दिला, पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या समाधीपुढे हात जोडले. या आदरामागे कोणताही धर्मोपदेश नव्हता, कुणा संदेष्ट्याने येऊन तो शिकवला नव्हता. शेतकऱ्यांनी तो आपणहून केला. शत्रुत्व माणसाच्या मृत्यूपाशी थांबते हे आपल्या मातीला कुणी सांगावे लागत नाही. जिवंत शत्रूशी मात्र ते कुठे थांबवावे हे आपल्यालाही अजून नीट उमगलेले नाही.

हिब्रू संदेष्टे आपल्याकडे फक्त मिशनऱ्यांच्या पेटाऱ्यातून आले असा एक समज आहे. तो खरा नाही. या घाटाखाली, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर, फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात स्त्रिया जिवंत बाहेर पडल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. समुद्राने गिळले आणि किनाऱ्यावर टाकले; योनाचा अनुभव एका सबंध समाजाच्या वाट्याला आला, आणि त्यांचे निनवे म्हणजे कोकण. तिथे ते घाण्यावर तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले म्हणून शनिवार तेली झाले, गावांच्या नावांवरून नवगावकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर झाले. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा हळूहळू विरली, पण शेमा ही एक प्रार्थना, सुंता, आहाराचे नियम आणि काही सण त्यांनी टिकवले. त्या सणांना त्यांनी मराठी नावे दिली. प्रायश्चित्ताच्या महादिवसाला, योम किप्पुरला, ते दारफळणीचा सण म्हणत: पांढरी वस्त्रे नेसायची, कडक उपास करायचा, दारे लावून घ्यायची आणि त्या दिवशी परक्याशी संपर्क ठेवायचा नाही. किती शतके त्यांनी त्या दिवशी दारे लावली आणि आत बसून आपले अपराध आठवले, कोणते वचन वाचायचे हे ठाऊक नसताना! जगभरच्या सभास्थानांत त्याच दिवशी दुपारच्या प्रार्थनेला योनाचा ग्रंथ वाचतात. पुढे कोकणातल्या या लोकांनाही तो परत मिळाला. पण ग्रंथ नसताना त्या दिवसाची आठवण ठेवणे मला ग्रंथ वाचण्याहून थोर वाटते.

त्यांचा सर्वांत लाडका संदेष्टा मात्र योना नाही, एलीया आहे. त्यांच्या तोंडी एलियाहू हन्नबी. मलिद्याच्या ताटात पोहे, खोबरे, साखर, फळे रचून त्याच्या नावाने ते वाटतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावी (आपल्या घाटमाथ्यावरच्या खंडाळ्याशी त्याची गल्लत नको) त्याच्या रथाची आणि घोड्यांच्या टापांची खूण म्हणून एक खडक दाखवतात. आणि पाहा, एलीयाही पळालेला आहे. राणीच्या भयाने तो वाळवंटात गेला, एका झुडुपाखाली बसून मरण मागू लागला. वारा झाला, भूकंप झाला, अग्नी झाला, आणि शेवटी अगदी हलक्या आवाजात त्याला विचारले गेले की तू इथे काय करतो आहेस. दोघेही संदेष्टे झाडाखाली बसून मरण मागतात. फरक एवढाच की एलीया अपयशाने खचला होता आणि योना यशाने.

याच समाजातला सॅम्युएल इझिकेल दिवेकर कंपनीच्या पलटणीत होता. म्हैसूरच्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला, आणि सुटलो तर सभास्थान बांधीन असा नवस बोलला, अशी परंपरा आहे. योनाही माशाच्या उदरात नवसच बोलतो. दिवेकर सुटला आणि १७९६ साली मुंबईत मांडवीला त्याने समाजाचे पहिले सभास्थान उभारले. त्याचे नाव शाआर हारहामिम, दयेचे द्वार. शत्रूच्या कैदेतून सुटून आलेल्या सैनिकाने न्यायाचे नाव दिले असते, विजयाचे दिले असते, तरी समजण्याजोगे होते.

योनाच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, आणि ती फार गंभीर आहे. ज्यांची कातडी सोलली गेली त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कुणाला? देवालाही तो आहे का? हा प्रश्न यहुदी धर्मशास्त्राने टाळलेला नाही. देवाविरुद्ध केलेली पापे प्रायश्चित्ताच्या दिवसाने फिटतात, पण माणसाविरुद्ध केलेले पाप त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय फिटत नाही, असे मिश्ना स्पष्ट सांगते. आणि निनवेच्या पश्चात्तापाविषयी तालमूदमध्ये एक विलक्षण भर आहे: चोरलेली तुळई घरात घालून वर वाडा बांधला असेल, तर निनवेकरांनी तो अख्खा वाडा पाडला आणि तुळई मूळ धन्याला परत केली. राख आणि गोणपाट सर्वांना दिसते. तुळई परत करताना छप्पर जाते. ग्रंथातही राजा आपल्या प्रजेला हातातली जुलूमजबरी सोडायला सांगतो, आणि देव त्यांचे उपास पाहत नाही, त्यांनी वाईट मार्ग सोडला हे पाहतो. या कसोटीवर वडगावचा तह लावला की उत्तर लख्ख मिळते. कंपनीची तुळई साष्टी होती. ती परत आली नाही. म्हणून १७७९ साली मावळात सुटका झाली, क्षमा झाली नाही. क्षमेला दुसऱ्या बाजूने जे यावे लागते ते इथे आलेच नाही.

ते आले तर काय होते, हेही आमच्या इंद्रायणीच्या काठी पाहायला मिळते. ती लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते, मावळातून वाहत देहूला जाते. तुकोबांनाही हाक आली होती. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि कवित्वाचे काम सोपवून गेले असे त्यांनीच सांगितले आहे. त्यांनी ती हाक नाकारली नाही, पण ती स्वीकारल्याची शिक्षा त्यांना मिळाली. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी आक्षेप घेतला, वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, आणि तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी बसून राहिले. योनाचे तीन दिवस पाण्याखाली गेले. तुकोबांचे तेरा दिवस पाण्यापाशी गेले, आणि बुडाली होती ती त्यांची वाणी. वह्या कोरड्या निघाल्या ही श्रद्धा आहे. मला त्याहून मोठे नवल पुढचे वाटते. तेच रामेश्वर भट्ट अंगाचा दाह घेऊन तुकोबांना शरण आले, शिष्य झाले, आणि आज वारकरी तुकोबांची जी आरती गातात ती रामेश्वर भट्टांची आहे. वह्या बुडवायला लावणाऱ्याचे शब्द त्या वह्यांच्या धन्यापुढे रोज म्हटले जातात, आणि म्हणताना कुणाला ते खटकत नाही. ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी जे दान मागितले त्यात दुष्टांचा नाश नव्हता, त्यांचा दुष्टपणा गळून पडावा एवढेच होते. ती मागणी एका माणसापुरती तरी पुरी झालेली आपण पाहिली आहे. आणि तुकोबा टेकडीवर बसून रुसले नाहीत. भंडाऱ्याच्या डोंगरावर बसणाऱ्या आणि निनवेच्या पूर्वेला बसणाऱ्या दोन माणसांत मला हे अंतर दिसते.

योना मात्र बसला. नगराबाहेर पूर्वेला त्याने एक मांडव घातला आणि आता या नगराचे काय होते ते पाहू म्हणून वाट पाहत राहिला, कदाचित देवाचे मन पुन्हा पालटेल या आशेने. देवाने एक वेल उगववला, त्याच्या डोक्यावर सावली केली. सबंध ग्रंथात योना आनंदला म्हणून सांगितले आहे ते एकदाच, या वेलासाठी. दुसऱ्या पहाटे देवाने एक कीड पाठवली, तिने वेल कुरतडला, तो वाळला. वर पूर्वेचा तापलेला वारा सुटला, डोक्यावर ऊन चढले, आणि योना मूर्च्छा येऊन मरण मागू लागला. श्रावणात मावळातल्या गोठ्याच्या छपरावर चढलेला भोपळ्याचा वेल मी असा जाताना पाहिला आहे. रात्रीतून हातभर वाढणारा, सकाळी पिवळी फुले उघडी टाकणारा तो वेल एका दुपारी पाने खाली सोडतो; पायाशी माती ओली असते, म्हणून आधी वाटते की ऊन लागले असेल, संध्याकाळी सावरेल. तो सावरत नाही. मुळापासून वीतभर वर खोड दाबून पाहिले की बोटाला मऊ लागते, चिरले की आत पोकळी, ओला भुसा आणि त्या भुशात पांढरी अळी. वर पसरलेला तो एवढा हिरवा विस्तार या एका वीतभर जागेवर उभा होता हे तेव्हाच कळते, आणि ज्याने तो लावलाही नव्हता त्याचाही जीव हळहळतो.

त्या हळहळीवरच देव बोट ठेवतो. ज्या वेलासाठी तू कष्ट केले नाहीस, जो एका रात्रीत आला आणि एका रात्रीत गेला, त्याच्यासाठी तू एवढा कष्टी होतोस. मग ज्या नगरात एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आहेत, ज्यांना आपला उजवा हात कोणता आणि डावा कोणता हेही कळत नाही, आणि शिवाय पुष्कळ गुरेढोरे आहेत, त्या नगरासाठी मी कष्टी होऊ नये का? इथे ग्रंथ संपतो. योनाचे उत्तर लिहिलेले नाही. देव त्याला शिक्षा करीत नाही, रागे भरत नाही, त्याचा युक्तिवाद खोडून काढत नाही. त्याच्याच काळजातला एक हळवा कोपरा दाखवतो आणि थांबतो. भविष्यातल्या शोमरोनविषयी तो एक शब्दही काढत नाही. तो मोजून दाखवतो ती त्या दिवशी त्या नगरात श्वास घेणारी माणसे, आणि त्यांच्या जोडीला जनावरे. मोहिमा आखणारे, तह लिहिणारे आणि इतिहास लिहिणारे गुरांची गणती रसदीत करतात. धर्मग्रंथाचा शेवटचा शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवणारा लेखक माझ्या वाचनात दुसरा नाही.

त्या निनवेत पुढे मुसलमानांनी योनाला नबी युनूस म्हणून मान दिला, आणि ज्या टेकडीवर त्याची कबर मानली जात होती तिथे शतकानुशतके यात्रा भरत आली. २०१४च्या जुलैमध्ये इस्लामिक स्टेटच्या हस्तकांनी ते स्थान सुरुंग लावून उडवले. म्हणजे निनवेच्या लोकांनी आपल्याला नाशाचे भाकीत ऐकवणाऱ्या परक्या माणसाला आपला मानले होते, जसे वडगावाने इष्टुर फाकड्याला मानले. आणि ज्यांना असे परके आपले झालेले सोसत नाही, ते प्रत्येक शतकात असतातच.

आपल्या भाषेत हा ग्रंथ ज्या हातांनी आला त्यांत एक हात पंडिता रमाबाईंचा आहे. संस्कृतात पारंगत असलेली ही बाई, जिच्या धर्मांतराने आणि शारदासदनाने पुणे पेटून उठले होते, ती याच जिल्ह्यात केडगावला राहिली, दुष्काळात टाकलेल्या शेकडो मुली तिने घरी आणल्या, आणि उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या, घरगुती मराठीत उतरवण्याचे काम अंगावर घेतले. तिथल्या मुक्ती आश्रमाच्या छापखान्यात मुलींनी खिळे जुळवले. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाईंनी काम थांबवले नाही, ते हातावेगळे केले आणि एप्रिल १९२२मध्ये त्या गेल्या. ज्या पुण्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली त्याच पुण्याच्या भाषेसाठी त्यांनी शेवटची वर्षे वेचली. योनाला जे जमले नाही ते हेच.

बेने इस्राएलांपैकी बहुतेक कुटुंबे १९४८नंतर इस्राएलला गेली. पुण्यात आज त्यांची थोडीच घरे उरली आहेत. पण योनाचा ग्रंथ मराठी बायबलात ओबद्या आणि मीखा यांच्यामध्ये आहे आणि अर्ध्या तासात वाचून होतो. तो जरूर वाचा. आणि घरातल्या मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा माशापाशी थांबू नका. त्यांना नगराबाहेर, उन्हात रुसून बसलेल्या त्या माणसापर्यंत न्या, आणि त्याला विचारलेला प्रश्न त्यांना पुरता ऐकू द्या.